किती वेळ चालली?

मी शाळेची बस चालवतो. माझ्या सीटच्या वर, पुढच्या काचेच्या कडेला, एक लांबट आरसा आहे. रस्ता बघायचे आरसे बाहेर, दोन्ही बाजूंना. हा आतला आरसा फक्त मुलांसाठी. बेचाळीस मुलं रोज दोनदा त्यात दिसतात. पुढच्या बाकावरची चेहऱ्यानिशी दिसतात, मागच्या बाकावरची बोटाच्या पेराएवढी. कोण खिडकीला गाल लावून झोपतं, कोण दप्तर मांडीवरून खाली ठेवत नाही, कोणाचं तोंड शेवटच्या स्टॉपपर्यंत मिटत नाही, हे मला आता पाठ आहे. सुरुवातीच्या वर्षांत ते पाठ करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं. गाडी नीट चालवायची आणि वेळेवर पोचवायची, एवढंच माझं काम असं मी धरून चाललो होतो.

ती मुलगी तेव्हा चौथीत होती. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसायची.

त्या दुपारी ताई रजेवर होत्या. ताई म्हणजे आमच्या बसमधल्या मदतनीस, मुलांना चढवणं-उतरवणं त्यांच्याकडे असतं. शाळा सुटून दहा-बारा मिनिटं झाली असतील. मागून आवाज आला, "काका, ही बघा कशी करतेय!" अशी तक्रार रोजच येते, कोणी ना कोणी कोणाचं तरी काहीतरी करतच असतं, म्हणून आरशात बघायला मी जरा वेळच लावला. बघितलं तेव्हा तिची मान एका बाजूला ओढली गेली होती, डोळे वर चढले होते आणि हात कोपरापासून झटके खात होता. डोकं खिडकीच्या काचेवर आपटत होतं. इंजिनाच्या आवाजातही ते आपटणं मला ऐकू येत होतं.

आणि मी ॲक्सिलरेटर दाबला.

दवाखाना पुढे दीडेक किलोमीटरवर होता. ड्रायव्हरच्या पायाला अडचणीच्या वेळी एवढंच सुचतं: पोचायचं. वेग वाढला तशी बस डुलायला लागली, वळणावर मुलं एकमेकांच्या अंगावर गेली, आणि तिचं डोकं आणखी जोरात काचेवर बसायला लागलं. तेव्हा सातवीतली एक मुलगी जागेवर उभी राहून ओरडली, "काका, आधी थांबा ना!"

थांबलो. बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे धावलो. इंजिन तसंच चालू राहिलं, चारी इंडिकेटर लावायचे राहून गेले. पुढची चूक तर त्याहून वाईट. आकडीत माणूस जीभ गिळतो असं कधीतरी कोणाकडून तरी ऐकलेलं डोक्यात होतं. जीभ कोणालाच गिळता येत नाही, ती तोंडाच्या तळाशी घट्ट जोडलेली असते, हे मला फार नंतर कळलं. मी तिचे दात उघडायला बोट घातलं. आकडीत जबडा कसा आवळला जातो ते माझ्या उजव्या तर्जनीला त्या दिवशी समजलं. दोन टाके पडले. माझ्या धडपडीत तिच्या पुढच्या दाताचाही टवका उडाला. माझं बोट महिन्याभरात बरं झालं. तिचा दात पक्का होता, पडून नव्याने येणारा नव्हता.

शेवटी त्या सातवीतल्या मुलीनेच तिला कुशीवर वळवलं. वर्गात एकदा असं झालं होतं तेव्हा बाईंनी काय केलं ते तिने पाहिलेलं होतं. तिने स्वतःचा स्वेटर घडी करून डोक्याखाली सरकवला, गळ्याजवळची बटणं सोडली आणि नुसती शेजारी बसून राहिली. तोंडातली लाळ बाहेर ओघळली, श्वास घरघरत का होईना पण लागला, आणि झटके हळूहळू थांबले. एवढंच करायचं असतं. बारा वर्षांच्या पोरीला ते येत होतं. मला येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वेळ चालली?"

"खूप वेळ, डॉक्टर."

"खूप म्हणजे? मिनिटं सांगा."

बोटाला रुमाल गुंडाळून मी उभा होतो. मला तो सगळा प्रकार अर्ध्या तासाचा वाटला होता. मुलांना विचारलं तर एकजण म्हणाला दहा मिनिटं, दुसरा म्हणाला दोन. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडे वळले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

त्या प्रश्नाला इतकं महत्त्व का, ते पुढे मी समजून घेतलं. बहुतेक आकड्या १ ते ३ मिनिटांत आपोआप थांबतात. त्या थांबवाव्या लागत नाहीत, हातपाय दाबून धरल्याने त्या थांबतही नाहीत. पण ५ मिनिटं उलटून गेली की ती आपसूक थांबेल याची खात्री राहत नाही, औषध लागतं. पूर्वी अर्धा तास चाललेल्या आकडीलाच डॉक्टर सलग आकडी म्हणायचे. २०१५ साली अपस्मारावर, म्हणजे आकडीच्या आजारावर, काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने, मोठ्या झटक्यांच्या आकडीसाठी ५ मिनिटांची रेघ व्याख्येतच ओढली. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा व्हायचा धोका असतो, म्हणून उपचार पाचव्या मिनिटालाच सुरू करायचे. म्हणजे माझ्यासारख्या माणसाने घड्याळाकडे बघणं हाही उपचाराचाच भाग झाला. आता माझ्या स्टिअरिंगच्या उजवीकडे सेकंदकाटा असलेलं एक साधं गोल घड्याळ चिकटवलेलं आहे. मोबाइलमध्ये वेळ असते हे मला माहीत आहे. पण त्या वेळी मोबाइलवर ॲम्ब्युलन्सवाल्याशी बोलणं चालू असतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. मुलीला आकडीचा आजार आहे हे तिच्या आईने प्रवेशाच्या फॉर्मवर पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. वर्गातल्या बाईंना माहीत होतं, खेळाच्या सरांना माहीत होतं. फॉर्म कार्यालयातल्या कपाटात होता. मूल रोज दीड तास ज्याच्या ताब्यात असतं त्या माणसापर्यंत तो कागद पोचवावा असं कोणालाही वाटलं नाही. कोणी मुद्दाम दडवलं असं मी म्हणत नाही. बस ही शाळेत धरली जात नाही आणि घरातही धरली जात नाही, त्यामुळे ती सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. मूल मात्र त्याच बसमध्ये असतं.

चार दिवसांनी मी त्या मुलीच्या आईच्या घरी माफी मागायला गेलो. दाताबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुम्हाला स्टॉपवर सांगणार होते दादा, खूपदा मनात आलं. पण तिथे चारजणी उभ्या असतात. त्यांच्यासमोर कसं बोलणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि भीती वाटली. कळलं तर बसमध्ये घेणार नाहीत."

तेव्हापासून वर्ष सुरू होताना मी प्रत्येक घरी संध्याकाळी फोन करतो. स्टॉपवर विचारत नाही. काय आजार आहे, औषध दप्तराच्या कुठल्या कप्प्यात असतं, त्रास सुरू व्हायच्या आधी मूल कसं दिसतं, आणि पहिला फोन कोणाला करायचा. एवढंच विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला आया जे सांगतात ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. एकजण म्हणाल्या, "तो कानाची पाळी ओढायला लागतो." हे सगळं एका वहीत लिहितो. वही माझ्या सीटखालच्या कुलपाच्या पेटीत असते, कारण कोणत्या मुलाला काय आहे हे इतर मुलांना कळायचं कारण नाही.

मग प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं. दोन दिवसांचा वर्ग होता, शिकवायला एक अनुभवी सिस्टर होत्या. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते शिकायला एक रबरी बाहुली होती. ही बाहुली १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुन्ड लेर्डाल यांनी बनवली. ते मूळचे खेळणी बनवणारे, आणि त्यांचा स्वतःचा लहान मुलगा बुडता बुडता वाचलेला. हे ऐकल्यावर त्या बाहुलीला हात लावताना मला वेगळंच वाटलं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीची जाडी असेल त्याच्या एक तृतीयांश खोल दाबायचं. लहान मुलाच्या छातीवर इतका जोर द्यायला मन धजत नाही. सिस्टर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, एवढ्याने काही होत नाही. आणखी दाबा." देवाच्या कृपेने ते खऱ्या मुलावर करायची वेळ अजून आलेली नाही. तरी दर सहा महिन्यांनी मी उशीवर दाबून बघतो. हात विसरतात.

पण त्या वर्गात जे कोणी शिकवलं नाही ते बसचं. वर्गात एक आजारी माणूस असतो आणि बाकी सगळे मदतीला. बसमध्ये एक आजारी मूल आणि बाकीची एकेचाळीस घाबरलेली, बाहेर वाहता रस्ता. म्हणून क्रम मीच ठरवला आणि ताईंबरोबर रिकाम्या बसमध्ये तो अनेकदा करून बघितला. आधी इंडिकेटर, मग कडेला, मग न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात. दार बंद. दार बंद ठेवणं फार महत्त्वाचं, कारण घाबरलेलं मूल पहिल्यांदा दाराकडेच पळतं आणि दाराबाहेर ट्रक असतो. मग घड्याळ. मग मूल. एवढ्याला पंधरा ते वीस सेकंद जातात. पूर्वी मला वाटायचं, हे सेकंद वाया गेले. आता वाटतं, तेवढ्यात माझा स्वतःचा श्वास ताळ्यावर येतो आणि त्याशिवाय पुढचं काही धड होत नाही.

दवाखाना समोर दिसत असेल तर थोडं पुढे नेणं समजू शकतो. एरवी नाही. बस चालवता चालवता मागच्या मुलाला कुशीवर वळवता येत नाही, त्याचा श्वास ऐकता येत नाही. आणि घाबरलेल्या ड्रायव्हरच्या हाती भरलेली बस देणं म्हणजे एका मुलासाठी सगळ्यांचा जीव टांगणीला लावणं. ॲम्ब्युलन्सला बोलवायचं आणि आपण जागचं हलायचं नाही. चालवणाऱ्या माणसाला हे किती जड जातं ते चालवणाऱ्यालाच कळेल.

ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगणं हेही एक प्रकरणच आहे. मला रस्ता हाताने माहीत होता. कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठे गिअर बदलायचा. पण "तुम्ही नक्की कुठे आहात?" असं कोणी विचारलं तर तोंडाला नाव येईना. एका रविवारी ताईंना घेऊन पूर्ण फेरी मारली. दोन स्टॉपच्या मधल्या प्रत्येक टप्प्यात बाहेरच्या माणसाला ओळखू येईल अशी एकेक खूण शोधली, पूल, पाण्याची टाकी, किलोमीटरचा दगड, आणि तो कागद घड्याळाखाली चिकटवला. आता फोन मी करायची गरज नसते. मोठ्या मुलांपैकी कोणीही कागद बघून पत्ता सांगू शकतं.

आरशाचं महत्त्व मला एका सहावीतल्या मुलाने शिकवलं. शांत मुलगा, सगळ्यांना दादा-ताई म्हणणारा. एका दुपारी खेळाचा तास संपवून बसमध्ये चढला तो भांडतच. शेजारच्याचं दप्तर फेकलं, ताईंना उलट बोलला. मी आरशात बघून ओरडणार, इतक्यात त्याच्या कपाळावर घाम दिसला. बाकी कोणालाच घाम आलेला नव्हता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. वहीत त्याच्या नावापुढे मधुमेह लिहिलेलं होतं. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की मूल थरथरतं, घामाघूम होतं, आणि कधी कधी फक्त चिडतं. मेंदूला साखर पुरत नसते म्हणून ते चिडतं, आणि आपण त्याला उद्धट म्हणतो. बस थांबवली. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आईने ग्लुकोजच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. गोळ्या नसतील तर साखरेचं पाणी. पण मूल शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. दहाएक मिनिटांत त्याचा चेहरा परत आला. "काका, मी काय बोललो मगाशी?" म्हणाला आणि रडायला लागला. ताईंनी त्याला जवळ घेतलं.

१९२२च्या जानेवारीत टोरांटोमध्ये इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं ते १४ वर्षांच्या एका मुलाला. त्याच्या आधी हा आजार झालेली मुलं फार दिवस काढत नसत. त्या शोधाला आता शंभरच्या वर वर्षं झाली. म्हणून हा मुलगा माझ्या बसमध्ये बसून भांडू शकला, हे मला त्या दिवशी घरी जाताना सारखं आठवत होतं.

आणि मी त्याच्यावर ओरडणार होतो.

त्यानंतर मूल वेगळं वागलं की आधी रागावायचं नाही, आधी बघायचं, असा नेम केला. एक छोटा मुलगा त्याचा स्टॉप आला तरी उठायचा नाही. हाक मारली तरी ढिम्म. डोळे उघडे, पापण्या हलक्या फडफडत. दहाएक सेकंदांनी काही झालंच नाही असा उठून उतरायचा. मुलं त्याला झोपाळू म्हणायची. तिसऱ्यांदा दिसल्यावर मी त्याच्या वडिलांना फोन केला, कारण आकडी दर वेळी झटक्यांचीच असते असं नाही, अशी नुसती नजर एका जागी खिळून राहणारीही असते. तपासणीत तेच निघालं. औषध सुरू झालं.

सगळ्यात घाबरलो तो गांधीलमाशीच्या दिवशी. उघड्या खिडकीतून आत आली आणि पाचवीतल्या एका मुलाला मानेला डसली. तो आधी नुसता रडला. दोन-तीन मिनिटांत गळ्यावर, हातांवर गांधी उठल्या. ओठ सुजायला लागला. ताई म्हणाल्या, "याला खाली उतरवू या, मोकळी हवा लागू दे." कोणालाही हेच सुचेल. पण सिस्टरांनी वर्गात एक गोष्ट तीनदा सांगितली होती: अशा मुलाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. या प्रकारात रक्तदाब धाडकन उतरलेला असतो. उभं केलं की हृदयाकडे येणारं रक्त आणखी कमी होतं, आणि बसच्या तीन पायऱ्या उतरताना जीव जाऊ शकतो. आम्ही त्याला बाकावर आडवं केलं, पाय दप्तरांच्या ढिगावर ठेवले. श्वासाला त्रास झाला असता तर टेकवून बसवलं असतं, पण उभं नाही.

त्याचा आवाज बसला होता. "काका" म्हणाला ते कोणी म्हातारं माणूस बोलल्यासारखं. आवाज बदलला म्हणजे सूज घशात उतरली. आता वाट बघायची नाही. त्याच्या दप्तरात ॲड्रेनॅलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं तयार इंजेक्शन, होतं. आईवडिलांनी आणि डॉक्टरांनी मला ते द्यायची लेखी परवानगी दिलेली होती, ती वहीत लावलेली होती. नळीत मात्रा आधीच भरलेली असते, १५ ते ३० किलो वजनाच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम. टोपण काढलं. पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध टेकवलं आणि दाबलं. खट् असा आवाज आला. तो दचकला, मीही दचकलो. त्याच्या पेनावर तीन सेकंद धरा असं लिहिलेलं होतं. मी मोठ्याने मोजलं. एक. दोन. तीन. पेन बाहेर काढलं तेव्हा माझा अंगठा पांढरा पडला होता, इतकं मी ते आवळलं होतं.

ताईंनी वेळ लिहून ठेवली. ५ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन तयार होतं. ते लागलं नाही. श्वास मोकळा झाला, ओठ तसाच सुजलेला राहिला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला बरं वाटून तो उठून बसायला बघत होता, आम्ही उठू दिलं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यावंच लागतं, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने हे काम होत नाही. ती गांधी कमी करते, घसा मोकळा करत नाही.

या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिलं. समुद्रफूल नावाच्या समुद्री प्राण्याच्या विषाची सवय लावून कुत्र्यांचं रक्षण होतं का ते बघायला गेले आणि उलटंच झालं: दुसऱ्या वेळच्या अगदी थोड्या विषाने कुत्रा मेला. रिशेंना पुढे १९१३ साली नोबेल मिळालं. मला यातलं एकच लक्षात ठेवावंसं वाटतं. पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणजे दुसऱ्या वेळीही होणार नाही, असं नसतं. "मागे चावली होती, काही झालं नव्हतं" असं आता कोणी म्हणालं तरी मी मुलाच्या गळ्याकडे बघत राहतो.

दम्याची मुलं बसमध्ये नेहमीच असतात, दर वर्षी चार-पाच. ती आरशात लगेच ओळखू येतात: पुढे वाकलेली, हात गुडघ्यांवर, खांदे कानापर्यंत चढलेले. त्यांना आडवं करायचं नाही, बसवूनच ठेवायचं, आणि औषधाच्या पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी, लावून एकेक फवारा द्यायचा. पंपाची कल्पना मुळात एका १३ वर्षांच्या मुलीची. केसांवर मारायचा फवारा असतो तसं माझं औषध का नाही, असं तिने वडिलांना विचारलं. वडील, जॉर्ज मेसन, औषध कंपनीत होते, आणि १९५६ साली पंप बाजारात आला. एवढं मात्र सांगायलाच हवं: छातीतली शिट्टी थांबली आणि मूल गप्प झालं, तर ते बरं झालं असं समजू नका. हवा आतबाहेर जायचीच थांबली तर शिट्टीही वाजत नाही. पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा.

घास अडकला तरी तेच. जोरात खोकणाऱ्या मुलाला खोकू द्यायचं. ज्याच्या तोंडून आवाजच निघत नाही, त्याच्याकडे धावायचं: दोन खांद्यांच्या मधे तळव्याने ५ फटके, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ दाब, पुन्हा फटके, निघेपर्यंत. बसमध्ये खाऊ बंद केला तेव्हा मुलं माझ्यावर आठवडाभर रुसली होती. घोळणा फुटला तर डोकं मागे न टाकता पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत धरायचा. हे मुलांनाच शिकवून टाकलंय, तीच करतात.

मुलांना कामं दिली की ती घाबरत नाहीत, हे माझं निरीक्षण. आमच्या बसमध्ये दर सत्रात मोठ्यांपैकी चौघांची नावं ठरतात. एक पत्त्याच्या कागदाशी, एक घड्याळाशी, एक पुढच्या लहानांपाशी, एक दारापाशी. बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं. हे बाहेर बघणं त्या मुलीसाठी सुरू केलं.

कारण तिला पुन्हा आकडी आली, दीड वर्षाने, बसमध्येच. या वेळी मी थांबलो. ताई होत्या. तिला बाकावरच कुशीवर वळवलं, चष्मा काढून खिशात ठेवला, तोंडात काही घातलं नाही, हात धरून ठेवले नाहीत. घड्याळापाशी एक मुलगा मोठ्याने सांगत होता, "एक मिनिट झालं काका... दीड..." बघत बसणं इतकं कठीण असतं. प्रत्येक झटक्याला हात पुढे जातो, तो मागे घ्यावा लागतो. २ मिनिटं १० सेकंदांनी थांबली. मग ती गुंगीत होती, आणि कपडे ओले झाले होते. मुलं बघायला लागली. मी म्हणालो, सगळ्यांनी बाहेर बघा, आणि एकजात सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. ताईंनी स्वतःची ओढणी तिच्या कमरेभोवती गुंडाळली. शुद्धीवर आल्यावर तिने आधी इकडेतिकडे बघितलं, कोण बघतंय का ते. कोणी बघत नव्हतं.

आता ती दहावीत आहे. औषधांनी आजार पुष्कळ आटोक्यात आहे, वर्षाकाठी एखाद्या वेळी येते. दाताला टोपी बसवली आहे. गेल्या महिन्यात सकाळच्या फेरीत पुन्हा आली, पुलाच्या अलीकडे. थांबलो, कुशीवर घेतली, बाकीच्यांनी बाहेर बघितलं. दहा मिनिटांनी उठून बसली, पाणी मागितलं, दप्तरातून एक छोटी वही आणि पेन काढलं. ही तिच्या डॉक्टरांसाठीची वही आहे, तारीख आणि वेळ ती स्वतः लिहिते. अक्षर अजून वेडंवाकडं येत होतं.

"काका, किती वेळ चालली?"

"एक मिनिट चाळीस सेकंद."

तिने लिहिलं, वही मिटली, आणि खिडकी थोडी उघडाल का म्हणून विचारलं. मी खिडकी सरकवली, जागेवर जाऊन बसलो आणि आरसा नीट केला.